सोलापूरच्या उन्हात गाडीतली शेगडी

बचत, कर्ज, हप्ता हे विषय आज बाजूला ठेवू. आज आम्ही चारचाकी गाडीतल्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकींनी डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि सोलापुरात तिची कुणाला आठवणही होत नाही. ती म्हणजे गाडीतला हीटर, सोप्या भाषेत गाडीतली शेगडी.

तुम्ही हसणार हे आम्हाला माहीत आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या दाराला हात लावला तर तव्याला लागल्यासारखा चटका बसतो. अशा गावात गाडीत शेगडी कशाला? पण ती आहे. एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत, समोरच्या डॅशबोर्डच्या पोटात ती बसलेली असते. चालू असते तोवर तिचं नावही निघत नाही. गळायला लागली की मात्र इंजिनापासून गटाच्या खात्यापर्यंत सगळ्यांना घाम फोडते. आता काही गटांनी माल नेण्यासाठी जुन्या गाड्या घेतल्यात, काही मैत्रिणींच्या घरी वडापच्या गाड्या आहेत. म्हणून हा विषय.

ही शेगडी कोळशावर चालत नाही, गॅसवर नाही, विजेवरही नाही. ती इंजिनाच्या गरम पाण्यावर चालते. त्यामुळं गाडीत पाणी आलं कुठून, तिथूनच सुरुवात करायला हवी.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं. पुस्तकांत त्यांचंच नाव आधी येतं. पण त्यांचा कारखाना बुडायला लागला होता तेव्हा बर्था या त्यांच्या होणाऱ्या बायकोनं लग्नाआधीच आपल्या वाट्याचे पैसे माहेराकडून मागून घेतले आणि कार्लच्या भागीदाराचा हिस्सा मोकळा केला. भांडवल बाईचं, नाव नवऱ्याचं. ही गोष्ट काही फक्त आपल्याकडची नाही.

पुढं गाडी तयार झाली, पण लोक ती विकत घेईनात. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली, आपल्या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मॅनहाइम गावाहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या आईच्या घरी निघाल्या. शंभरावर किलोमीटरचा रस्ता होता. तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलेलीच नव्हती. तिकडं पेट्रोल पंप नव्हते. वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी डाग काढायला वापरतात तसलं द्रव विकत घेतलं आणि तेच इंधन म्हणून घातलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावायची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं.

आमच्या विषयाच्या कामाची गोष्ट मात्र पाण्याची आहे. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी तापायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. जिथं थांबतील तिथं, विहिरीवर, ओढ्यावर, खानावळीत, पाणी मागून भरावं लागायचं. म्हणजे जगातल्या पहिल्या लांब मोटारप्रवासात एका बाईनं दिवसभर काय केलं, तर पाणी शोधलं आणि भरलं. आपल्या तालुक्यातल्या बायांना यातलं काही नवं वाटायचं कारण नाही.

पाणी असं उडून जाऊ द्यायचं नसेल तर तेच पाणी थंड करून परत वापरायला हवं. १९०० च्या अखेरीस जर्मनीतच विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज नावाच्या नव्या गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. मर्सिडीज हे, जाता जाता सांगतो, गाडी मागवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव. त्या रेडिएटरमध्ये आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यामुळं जिथं आधी १८ लिटर पाणी लागायचं तिथं ९ लिटरमध्ये भागलं. यामागचं गणित आपल्या घरात रोज चालतं. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण त्याला वारा लागायला जागा जास्त मिळते. रेडिएटर म्हणजे हजार बशा एका चौकटीत उभ्या केल्यासारखं. गरम पाणी बारीक नळ्यांत पसरतं, वारा लागतो, पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं.

थंड देशांत मात्र वेगळीच अडचण होती. सुरुवातीच्या गाड्या उघड्या होत्या. हिवाळ्यात माणसं घोंगड्या पांघरून, पायाखाली तापवलेल्या विटा नाहीतर निखाऱ्याची पेटी ठेवून बसायची. या हीटरच्या गोष्टीत एका बाईचं नाव नेहमी येतं, अमेरिकेतल्या मार्गारेट विल्कॉक्स. त्यांनी १८९३ साली ‘कार हीटर’चं पेटंट घेतलं. मोटारीचा हीटर त्यांनी शोधला असं बरेच ठिकाणी छापतात. आम्हाला बाईचं कर्तृत्व सांगायला आवडतं, पण खरं तेवढंच सांगायला हवं. १८९३ साली अमेरिकेत मोटारी जवळजवळ नव्हत्याच, ‘कार’ म्हणजे रेल्वेचा डबा. तो डबा गरम ठेवायची सोय त्यांनी केली. ते कामही लहान नव्हतं, त्याला मोटारीचा टिळा लावायची गरज नाही.

मोटारीत आधी धुराच्या नळीची ऊब आत घ्यायचे. त्यात धूर आत शिरायची भीती असायची. मग १९२० नंतर आणि विशेषतः १९३० नंतरच्या दशकात दुसरी युक्ती रुळली. इंजिनाचं पाणी तापतंच आहे, ती उष्णता बाहेर वाऱ्यावर घालवतोच आहोत, तर त्यातलं थोडं पाणी आत वळवायचं. एक छोटा रेडिएटर डॅशबोर्डखाली ठेवायचा, त्याच्यामागं पंखा लावायचा, म्हणजे गरम वारा माणसांच्या पायाशी आणि समोरच्या काचेवर येतो. झाली शेगडी. या छोट्या रेडिएटरला आपल्याकडं गॅरेजमध्ये कुणी हीटर कोर म्हणतं, कुणी हीटर कॉईल. आम्ही कॉईल म्हणू. आकार साधारण पाटीएवढा, कधी त्याहूनही लहान. इंजिनाकडून दोन रबरी नळ्या पत्र्याच्या भोकातून आत येतात, एकीतून गरम पाणी येतं, दुसरीतून परत जातं.

आता आपल्या गावाकडं येऊ. उष्णतेवर आणि पाण्यावर चालणारी यंत्रं सोलापूरनं फार आधी पाहिली. १८६० मध्ये इथं आगगाडी आली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, तिच्या भोंग्यावर आपल्या आज्या उठायच्या. आणि ज्या माणसानं या देशात मोटार बनवायचा ध्यास घेतला तोही इथलाच. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. आज आपल्याकडं वालचंद म्हटलं की पोरींना कॉलेज आठवतं. त्यांनी आधी रेल्वेच्या बांधकामांचे ठेके घेतले, १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी उभी केली, १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांनी इंग्रज सरकारकडं खूप खेटे घातले, पण सरकारनं मनावर घेतलं नाही. शेवटी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली मुंबईच्या कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या.

आधी अमेरिकेच्या गाड्यांची जुळणी व्हायची, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून फियाट ११०० आली, आणि तिचीच पुढची गाडी १९७० नंतर पद्मिनी या नावानं रस्त्यावर आली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची नोंदणी झालेली काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षं भरून बंद झाली, तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. वालचंदशेठ १९५३ सालीच गेले, पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडच्या गाड्यांचे नकाशे बहुतेक थंड देशांतून आले. फियाटचं गाव तुरीन, ते आल्प्स पर्वताच्या पायथ्याला. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतं. तिथल्या माणसाला हीटरशिवाय गाडी म्हणजे दाराशिवाय घर. नंतर जपान, कोरियाहून नकाशे आले, तिथंही थंडी. आपल्याकडं अनेक वर्षं साध्या गाड्यांत हीटर बसवतच नव्हते. मग एसीचं वेड आलं आणि एसीबरोबर हीटर आपोआप घरात शिरला. डॅशबोर्डच्या पोटात एकच मोठा डबा असतो, त्यात दोन जाळ्या. एक थंड करणारी, एक गरम करणारी. मधे एक झडप असते. आपण बटण निळ्याकडं फिरवलं की वारा थंड जाळीवरून येतो, लाल्याकडं फिरवलं की गरम जाळीवरून.

आमच्या ओळखीच्या एका गटाची गोष्ट इथं सांगायला हवी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणारा गट. माल सोलापूरला, कधी पुण्याला न्यायचा म्हणून त्यांनी एक जुनी सात आसनांची गाडी घेतली. चालवणारी गटातल्याच अक्कांची सून. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की डाव्या बाजूच्या सीटखालची चटई ओली राहते. आत गुळासारखा गोडसर वास यायचा. सकाळी समोरच्या काचेला आतून तेलकट धुकं, कापडानं पुसलं तरी ओघळ राहायचे. आणि पाण्याच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला खाली, पण गाडीखाली जमिनीवर एक थेंब नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, एसीचं पाणी आहे, एसीचं मोठं काम निघेल. आकडा ऐकून बायका गप्प बसल्या. महिन्याच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा आम्हीही होतो. सुनेनं एका वाटीत चटई पिळून पाणी आणलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. एसीचं पाणी म्हणजे हवेतला ओलावा, थंड जाळीवर दव पडतं तसं. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, बोटाला चिकटत नाही, आणि एसी लावला तरच येतं. या वाटीतलं पाणी हिरवट होतं, दोन बोटांत धरलं की बुळबुळीत लागत होतं, आणि एसी चार दिवस बंद होता. वाटीनंच निकाल दिला. गळत होती ती एसीची जाळी नव्हे, हीटरची कॉईल.

तेव्हा अक्कांनी जो प्रश्न विचारला तो आम्हाला फार आवडला. “अगं, हीटर कधी लावलाच नाही, तर फुटला कसा?”

याचं उत्तर दोन तऱ्हेचं आहे. बऱ्याच गाड्यांत पाणी कॉईलमधून सतत फिरत असतं. आपण बटण फिरवतो तेव्हा फक्त झडप हलते, पाणी थांबत नाही. म्हणजे आपण शेगडीपाशी बसत नाही इतकंच, शेगडी पेटलेलीच असते. दुसऱ्या काही गाड्यांत पाण्याला कॉक असतो. तो वर्षभर बंद राहिला की आतलं पाणी साचून राहतं आणि साचलेलं पाणी धातूला खातं. दोन्हीकडून मरण कॉईलचंच.

त्यातून आपलं पाणी. बोअरचं पाणी किती जड असतं ते हंड्याच्या तळाचा पांढरा थर सांगतो. तेच पाणी गाडीत घातलं की तोच थर बारीक नळ्यांत बसतो. म्हणून गाडीत कूलंट घालतात. त्याच्यात मुख्य वस्तू एथिलीन ग्लायकॉल. थंड देशांत ते १९२० नंतरच्या वर्षांत आलं, पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून. आपल्याकडं पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. पण कूलंट घातलेलं पाणी उकळायला जास्त तापावं लागतं, आणि त्यात गंज रोखणारी औषधं असतात, म्हणून ते आपल्यालाही हवंच. ही औषधं काही वर्षांत संपतात. बाटलीत रंग दिसतो म्हणून कूलंट चांगलं आहे असं समजू नये. आणि हे द्रव विषारी आहे, चवीला गोड आहे म्हणून जास्तच धोक्याचं. लेकरांपासून, कुत्र्यामांजरांपासून, गुरांपासून लांब ठेवायचं. गाडीतून काढलेलं कूलंट परसात किंवा गटारात ओतायचं नाही.

अजून एक कारण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. रेडिएटर गळायला लागला की जुने ड्रायव्हर त्यात मूठभर हळद टाकायचे. ही युक्ती खोटी नाही. हळद पाण्यात फिरते, भोकापाशी जाऊन बसते, फुगते, आणि गाडी गावापर्यंत येते. रानात अडकलेल्या माणसाला तेवढं पुरे. पण हळदीला मोठी नळी कोणती, बारीक कोणती ते कळत नाही. हीटर कॉईलच्या नळ्या सगळ्यांत बारीक, म्हणून हळद पहिल्यांदा तिथं तुंबते. या गटाच्या गाडीतही आधीच्या मालकानं हळद वापरलेली होती, कॉईल काढल्यावर पिवळा गाळ निघाला. बाजारात गळती बंद करायच्या ज्या बाटल्या मिळतात त्याही हळदीच्याच बहिणी. घरी पोचायला ठीक, वर्षभर चालवायला नाही.

पूर्वीच्या कॉईल तांब्या-पितळेच्या असायच्या. त्यांना कथलाचा डाग देता यायचा. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर कॉईल पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरायचे, सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे कुठं येतात ते बघायचे आणि तिथं डाग द्यायचे. कल्हईवाल्याच्या जातकुळीचंच हे काम. नव्या कॉईल ॲल्युमिनियमच्या असतात, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या. त्या हलक्या आणि स्वस्त, पण त्यांना तो डाग धरत नाही. गळली की बदलायची. आम्हाला याचं वाईट वाटतं. एका हुशार कारागिराचं काम गेलं आणि त्याच्या जागी भंगार वाढलं.

आता मुख्य प्रश्न. बदलायची की वगळायची?

सोलापुरात बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो वगळण्याचा. इंजिनाच्या बाजूला ज्या दोन रबरी नळ्या आत जातात त्या काढायच्या आणि एकमेकींना जोडून टाकायच्या. कॉईलमध्ये पाणी जाणं बंद, गळती बंद. काम तासाभराचं, खर्च थोडा. आपल्या हवेत हीटर कशाला हवा, हे म्हणणं चुकीचं नाही. आम्ही हा सल्ला वाईट आहे असं म्हणणार नाही. पैसा हातात नसेल तर गाडी चालू ठेवायचा हा सरळ मार्ग आहे. नळी मात्र गरम पाणी सोसणारीच हवी, नळाची साधी प्लॅस्टिकची नळी लावली तर ती वाटेत फुटते.

गटातल्या सुनेचं म्हणणं मात्र वेगळं होतं, आणि ते तिनं चांगलं मांडलं. ती नवरात्रात आणि उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढते, गाडीत माणसं आणि मालही असतो. काटा लालकडं सरकायला लागला की ती काय करते? एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर. ऐकणाऱ्याला वाटेल ही बाई वेडी झाली. पण हीटर म्हणजे शेवटी छोटा रेडिएटरच. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. माणसांना दहा मिनिटं भट्टीत बसावं लागतं, पण इंजिन वाचतं. इंजिनाचं हेड तापून वाकलं तर होणारा खर्च आणि ही कॉईल बदलायचा खर्च यांची तुलनाच नको. शिवाय पावसात आतून काचेवर धुकं धरतं. एसी आहे तोवर ते जातं, पण जुन्या गाडीच्या एसीचा भरवसा किती? गरम वारा हाताशी असलेला बरा. थंड देशातून आपल्या इच्छेविरुद्ध आलेली शेगडी सोलापूरच्या घाटात अशी उपयोगी पडते.

बैठकीत यावर तासभर बोलणं झालं. दोघी-तिघी वगळायच्या बाजूच्या होत्या, आणि त्यांचा मुद्दा होता की आधी कर्जाचा हप्ता. शेवटी ठरलं ते असं, की सध्या नळ्या जोडून गाडी चालू ठेवायची, दिवाळीचा माल गेला की कॉईल बदलायची, आणि तोवर घाट चढायचा तो पहाटे. आम्हाला वाटतं, निर्णय शहाणपणाचा होता.

बदलायच्या कामात सुटा भाग स्वस्त आणि मजुरी महाग. कारण कॉईलपर्यंत पोचायचं तर बऱ्याच गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काही गाड्यांत बाजूचं झाकण काढून ती सरकवून निघते. म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारायचा की आमच्या गाडीत डॅशबोर्ड उतरवावा लागेल का. लागणार असेल तर पूर्ण दिवस धरा. गाडी सकाळी थंड असताना द्यायची. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, प्रेशर कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखंच ते आहे.

आधी बॅटरीची तार सोडवतात. मग कूलंट भांड्यात काढून घेतात. दोन्ही नळ्या सोडवतात, आणि त्या जोरानं ओढायच्या नाहीत, कारण कॉईलची टोकं नाजूक असतात. जुन्या नळ्या कडक झालेल्या असतील तर त्याही त्याच वेळी बदला, क्लिपाही नव्या घ्या. दहा रुपये वाचवायला जुनी क्लिप ठेवली आणि डॅशबोर्ड परत उतरवावा लागला असं होता कामा नये. नवी कॉईल जुनीशेजारी ठेवून लांबी, रुंदी, टोकांची जागा जुळवून बघायची, बसवल्यावर नव्हे, आधी. कॉईलभोवती स्पंजाची पट्टी असते, ती गेली तर वारा भलतीकडून जातो. बसवण्याआधी आतली सगळी पाण्याची वाट धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर जुना हळदीचा गाळ नव्या कॉईलमध्ये जाऊन बसेल. डॅशबोर्ड परत लावण्याआधी पाणी भरून, इंजिन चालू करून, जोड कोरडे आहेत का ते हात लावून बघायचं. हे बघताना आपण तिथं उभं राहायचं. लाजायचं कारण नाही, गाडी आपली आहे.

भरताना कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, किंवा बाटलीवर लिहिलं असेल तसं. तयार मिसळलेलं मिळतं त्यात पाणी घालायचं नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे कॉईलमध्येही पाणी जातं आणि अडकलेली हवा निघते. हवा अडकली तर काटा वर जातो आणि डॅशबोर्डमागं पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. इंजिन तापून पुढचा पंखा एकदा फिरू द्यायचा, गाडी पूर्ण निवली की पातळी परत बघायची, जे कमी झालं असेल ते भरायचं.

त्या गटाची कॉईल दिवाळीनंतर बदलली. चटई दोन दिवस उन्हात वाळवली तरी वास जाईना, शेवटी खालचा फोम काढून टाकला. जुनी कॉईल भंगारवाल्यानं ॲल्युमिनियमच्या भावानं तोलली. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर खूण करून, गॅरेजवाल्याकडंच दिलं. आता पाण्याच्या बाटलीवर सुनेनं नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली आहे. दर सोमवारी भाकरीचे डबे चढवायच्या आधी, इंजिन थंड असताना, ती रेघ बघते आणि वहीत बरोबर किंवा कमी एवढंच लिहिते.